आईची पाठदुखी

दसऱ्याच्या आधी केव्हातरी विलासदादाचा आवाज फुटला आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरात एक परका पुरुष राहायला आल्यासारखं झालं. तो पंधरा वर्षांचा, मी बारा. उन्हाळ्यात शिवलेल्या त्याच्या विजारी घोट्याच्या वर चढल्या होत्या. आईने शिवण उसवून आतली दुमड सोडली, तरी त्या पुरेनात. मी दादाच्या जुन्या विजारी घालायचो, म्हणजे घरात कुणाच्याच अंगाला कपडा नीट बसत नव्हता. आणि आम्ही दोघं नुसते खात होतो. शाळेला जाताना चहाबरोबर तांदळाची भाकरी, दुपारी वालाची आमटी आणि भात, शाळेतून आलो की पुन्हा डब्यांची झाकणं उघडायची. भाताच्या तळाशी लागलेली खरपुडी कुणी खायची यावर आमची मारामारी व्हायची. आई म्हणायची, मी पोरं नाही वाढवत, गिरणीला दाणे घालते. आल्यागेल्याला ती आम्हाला दाराच्या चौकटीशी उभं करून आमची उंची दाखवायची. घरात बोलणं व्हायचं ते आमच्याविषयी. कोण किती वाढला, कुणाला मिसरूड फुटली, कुणाचा पाय वहाणेत मावत नाही.

आमच्या भिंतीपलीकडे रफिकशेठचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. दिवसाची पाळी, रात्रीची पाळी, अखंड खटाखट. मांडणीवरचा पेला त्या तालावर सरकत सरकत कडेला यायचा आणि येताजाता कुणीतरी तो पुन्हा मागे ढकलायचं. पाहुणे म्हणायचे, तुम्हाला झोप कशी लागते? आम्हाला उलट शुक्रवारी लागायची नाही. त्या दिवशी लूम बंद असायचे आणि घरात इतकं ऐकू यायचं की अवघडल्यासारखं व्हायचं. अप्पा पेपर तपासताना मनाशी पुटपुटायचे तेसुद्धा कळायचं. अप्पा, म्हणजे आमचे वडील, आमच्याच शाळेत भूगोल शिकवायचे. सडपातळ, नीटनेटके आणि मितभाषी. त्यांना नकाशे आवडत. माणसांशी बोलताना मात्र ते नेहमी पाहुण्यासारखे वागत, घरातसुद्धा.

त्या शरदात आईची पाठ दुखत होती. श्रावण संपता संपता ते सुरू झालं असावं. कमरेखाली बामाचा वास, संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी. नळावरून पाणी भरायचं काम तिने दादाकडे दिलं आणि वरच्या फळीवरचे डबे काढायचं माझ्याकडे. मोठे झालात ना, म्हणायची, मग उचला. त्या वर्षी तिने नवरात्राचे उपास धरले नाहीत. पित्त होतं म्हणाली आणि घट बसवून रोजची माळ मात्र चुकवली नाही. पदर ती दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागली होती. ती मुळात अंगाने भरलेली, आणि चाळिशी आली की बायका सुटतातच असं शेजारणी म्हणायच्या. कोजागिरीला तिने आटवलेलं दूध आम्हाला दिलं आणि स्वतः भांड्याला लागलेली साय खरवडून खाल्ली, अगदी बोटाने पुसून. मी तिच्याकडे बघून हसलो तर ती लाजली. ते लाजणं मला अजून दिसतं.

अकलोलीला जायचं तिनेच काढलं. तिथल्या गरम पाण्यात बसलं की पाठ मोकळी होईल, असं कुणीतरी सांगितलंय म्हणाली. अप्पा खूश झाले. गंधकाचे झरे कसे तयार होतात हे ते वर्गात दरवर्षी शिकवायचे. आता पोरांना प्रत्यक्ष दाखवता येईल असं त्यांना वाटलं. कोजागिरीनंतरच्या रविवारी आम्ही वज्रेश्वरीच्या एसटीत बसलो. आईने डब्यात भाकऱ्या, सुकी चटणी आणि उकडलेली अंडी घेतली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात पिवळा पडून वाकला होता, काही खाचरांतून कापणी सुरू झाली होती, आणि ऊन असं तापलेलं की पत्र्याला हात लागला तरी चटका बसावा. रस्त्यात खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला आई पुढच्या बाकाचा दांडा धरायची आणि डोळे मिटायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, पाठ.

कुंडांपाशी बायकांची जागा वेगळी होती. आई तिकडे गेली, आम्ही तिघे इकडे. अप्पांनी खाली वाकून पाण्याचा वास घ्यायला लावला. दादा आणि मी सगळ्यात कढत कुंडात कोण जास्त वेळ पाय ठेवतो याची पैज लावली होती. आमचे पाय लालभडक झाले होते आणि दोघंही मागे हटायला तयार नव्हतो, तेवढ्यात एक बाई भिंतीच्या कडेला येऊन उभी राहिली. कापणीवरून आली असावी. तिच्या लुगड्याला भाताचं कुसळ चिकटलं होतं. तिने अप्पांना हाक मारली.

"ओ दादा, तुमच्या बायकोला बरा न्हाय. बेगी या."

आम्ही ओल्या पायांनी धावलो. आई दगडी पायरीवर बसली होती, दोन्ही हातांनी पायरीची कड धरून. तिचा चेहरा घामाने भिजला होता. अप्पा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि पाठ जास्त दुखते का, असं विचारू लागले. आईने मान हलवली. मग ती आम्हा सगळ्यांना ऐकू येईल अशा साध्या आवाजात म्हणाली, "अहो, ही पाठ नाही. मूल येतंय."

अप्पांनी आजूबाजूला पाहिलं. खरंच पाहिलं, कुणी दुसरी बाई दिसते का ते.

"कुणाचं?"

"आपलं," आई म्हणाली.

त्या क्षणी अप्पांचा चेहरा जसा झाला तसा मी नंतर कुणाचाही पाहिला नाही. मोठी माणसं घाबरतात, रडतात, चिडतात, ते पुढे आयुष्यात भरपूर पाहिलं. पण माणसाच्या चेहऱ्यावरचं सगळंच पुसलं जाऊन तिथे काही उरू नये, असं तेवढं एकदाच. ते तसेच उकिडवे बसून राहिले. शेवटी त्या बाईनेच आईच्या काखेत हात घातला, दुसरा हात धरायला दादाला बोलावलं, आणि दोघांनी मिळून आईला त्या बाईच्या जवळच्याच घरात नेलं. आतून तिची सासू बाहेर आली, आम्हाला अंगणात थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. अप्पा भानावर आले ते तेव्हा. कुणाची तरी सायकल घेऊन ते वज्रेश्वरीच्या सरकारी दवाखान्याकडे निघाले. मी अप्पांना सायकल चालवताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांची टोपी उडून अंगणातच पडली आणि ते तसेच पुढे गेले.

अंगणात नुकत्याच कापलेल्या भाताचे भारे रचून ठेवले होते. आतून आधी काहीच आवाज येत नव्हता. मग आईचा आवाज आला, आणि तो आईचा आहे हे मला थोडा वेळ कळलंच नाही. मी दादाकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. आई मरते का, असं मी त्याला विचारलं.  तो उठला, घरामागच्या नदीकडे चालत गेला आणि काठावर आमच्याकडे पाठ करून, कानांवर हात ठेवून बसला. मी एकटा अंगणात उभा होतो. मला मूल येतं म्हणजे काय ते अर्धवट माहीत होतं. पण ते आपल्या आईला येऊ शकतं, हे मनात शिरतच नव्हतं. आई तर कधीच आमची झाली होती, पूर्ण झाली होती. मग एक बारीक, चिडलेलं रडणं ऐकू आलं आणि आतल्या बायका एकदम बोलू लागल्या.

अप्पा कॅरिअरवर नर्सबाईंना बसवून घेऊन आले तोवर सगळं झालं होतं. घामाने त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता. ते दाराशी थबकले आणि मला विचारलं, "कोण रडतंय?"  नर्सबाई आत गेल्या, थोड्या वेळाने बाहेर आल्या, आणि मुलगी आहे, लहान आहे पण ठीक आहे, बाळंतीणही ठीक आहे असं म्हणाल्या. मग कितवा महिना होता, नाव कुठल्या दवाखान्यात घातलं होतं, असं विचारू लागल्या. अप्पा प्रत्येक प्रश्नाला फक्त मान हलवत होते. शेवटी ते भाताच्या भाऱ्यावर बसले आणि आपले चिखलाचे बूट बघत राहिले. आज वाटतं, त्या पावसाळ्यानंतर आमच्या घरात तीन जीव वाढत होते. दोघांची उंची चौकटीवर मोजली जात होती आणि तिसऱ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

दोन दिवस दवाखान्यात राहून आई घरी आली. जीप गल्लीत थांबली तेव्हा रफिकशेठच्या घरच्या जैबुनखाला सगळ्यात आधी धावत आल्या. त्या रोज दुपारी आईशी गप्पा मारायला आमच्याकडे बसायच्या. त्यांनी आईच्या हातातलं गाठोडं पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला. "भाभी, रोज मैं तुम्हारे पास बैठती थी," त्या म्हणाल्या, "मुझे भी नहीं बताया?" आई नुसती हसली. मला वाटलं, दमल्यामुळे बोलत नाही. गल्लीतल्या बाकीच्या बायकाही येऊन गेल्या. आईला काही कळलंच नव्हतं, वय झाल्यामुळे पाळी गेली असं तिला वाटलं, असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं आणि आम्हीही ते खरं मानलं. आईने ते कधी मान्य केलं नाही आणि नाकारलंही नाही.

शाळेत मात्र वाईट दिवस आले. सुट्टी लागायला अजून अवकाश होता. अप्पा दादाच्या वर्गावर गेले तेव्हा कुणीतरी फळ्यावर भला मोठा पाळणा काढून ठेवला होता. त्यांनी डस्टर घेऊन तो शांतपणे पुसला आणि परतीच्या मोसमी वाऱ्यांचा धडा सुरू केला. दादाने हे घरी सांगितलं नाही, मला दुसऱ्या मुलांकडून कळलं. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत दादाने एका मुलाचं नाक फोडलं. हेडमास्तरांनी अप्पांना बोलावलं. बाप आणि मुलगा दोघे त्यांच्या खोलीतून बाहेर आले, व्हरांड्याच्या दोन टोकांना चालत गेले, आणि त्यानंतर दादाने अप्पांशी बोलणं टाकलं. आईशी तो जेवढ्यास तेवढं बोलायचा. बाळाकडे तो बघत नसे. तिला त्याने एकदाही बाळ म्हटलं नाही. ते रडतंय, ते उठलंय, असं म्हणायचा. जेवणाचं ताट घेऊन तो बाहेर गॅलरीत बसायचा आणि पूर्वीच्या निम्मंही खायचा नाही. खरपुडी सगळी माझ्या वाट्याला येऊ लागली आणि मला ती गोड लागेना.

घरात सोयर होतं. देवापुढे दिवा नाही, पूजा नाही. आई आतल्या खोलीत बाजेवर, खाली शेगडी, शेपा-ओव्याचा धूर. जैबुनखाला दुपारी सूप नाहीतर शिरा पाठवायच्या आणि अप्पा भात लावायला शिकत होते. तो कधी गिचका व्हायचा, कधी कच्चा. बाळ लूमच्या आवाजात शांत झोपायचं आणि शुक्रवारी लूम थांबले की दचकून उठायचं. आपल्यासारखंच आहे की, असं मला वाटलं आणि मी ते मोठ्याने बोललो, तेव्हा दादा उठून बाहेर गेला.

सोयर फिटल्यावर कल्याणहून आत्या आली. ही अप्पांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेल्यामुळे तिनेच अप्पांना वाढवलं होतं, आणि त्यांच्या घरातलं काहीही तिला विचारल्याशिवाय होत नसे. ती वाईट बाई नव्हती. येताना तिने डिंकाचे लाडू आणले होते, बाळाला अंघोळ घातली, चोळलं, मांडीवर घेतलं. संध्याकाळच्या चहाला आम्ही सगळे आतल्या खोलीत होतो. शुक्रवार असल्याने लूम बंद होते. आत्या बोलू लागली. लोक काय म्हणतात ते सांगितलं. मोठ्या मुलाला मिसरूड फुटलेली, दोन वर्षांनी तो कॉलेजात जाईल, आणि या वयात हे. मास्तराने शाळेत तोंड कसं दाखवायचं? पोरीचं लग्न होईपर्यंत बाप राहील का? आई बाळाचं झबलं घडी करत ऐकत होती. अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. मग आत्या थोड्या मऊ आवाजात म्हणाली की तुला कळलं नाही हा तुझा दोष नाही गं, नशीब. वेळेवर कळलं असतं तर काहीतरी करता आलं असतं.

"मला कळलं होतं," आई म्हणाली.

आत्या थांबली. अप्पांनी खिडकीतून मान वळवली.

"पहिल्यापासून कळलं होतं. दोन मुलं झालीत मला. काहीतरी करता आलं असतं, म्हणूनच नाही सांगितलं." तिने झबल्याची घडी बाजूला ठेवली. "मागच्या वेळी सांगितलं होतं. अरुण चार वर्षांचा होता तेव्हा. तुम्ही दोघांनी बसून ठरवलंत आणि मला कल्याणला नेलंत. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. यावेळी मी कुणाला विचारलं नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर कदाचित आत्याला उत्तर देता आलं असतं.  चार वर्षांचा असतानाचं मला एवढंच आठवत होतं, की मी आणि दादा काही दिवस आत्याकडे राहिलो होतो, तिथे रोज श्रीखंड होतं, आणि आई बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून झोपली होती. आमच्या दोघांच्या पाठीवर आणखी कुणी असायला हवं होतं हे मी त्या संध्याकाळी प्रथम ऐकत होतो. आणि ही बाई, जी आम्हाला वाढत होती, विजारी उसवत होती, घट बसवत होती, ती एवढ्याशा घरात, आम्हा तिघांच्या डोळ्यांदेखत, महिनोन्महिने हे पोटात धरून बसली होती. बामसुद्धा खोटा होता. पुढे तिने मला सांगितलं, आपल्याला अजून महिना आहे असं तिला वाटत होतं. अकलोलीला जायचं ते निवांत पाण्याकाठी अप्पांना सांगावं म्हणून. आता कुणाला काही करता येणार नाही, इतके दिवस भरल्यावर.

पहिल्यांदा हलला तो दादा. दाराच्या चौकटीशी उभा होता तिथून तो आला, आत्यासमोर वाकला आणि तिच्या मांडीवरून बाळाला उचललं. त्याला धरता येत नव्हतं; मान मागे लटकली तशी आई चटकन म्हणाली, "मानेखाली हात घाल." त्याने घातला. तिला घेऊन तो गॅलरीत गेला आणि कठड्याशी उभा राहिला. खाली गल्लीत शुक्रवारची सगळी माणसं रिकामी होती, पानाच्या टपरीवर त्याच्या वर्गातली दोन मुलंही होती. तो त्यांच्याकडे बघत तसाच उभा राहिला, बाळाला छातीशी धरून, कुणी काही बोलायची वाट बघत असल्यासारखा. कुणी काही बोललं नाही. तिथून खूप वेळाने त्याने मला हाक मारली, ती रडते, काय करू म्हणून. ती, असं म्हणाला. हीच ती आमची शारदा. आज पन्नाशी ओलांडलेली, आणि दादाशी रोज फोनवर भांडल्याशिवाय तिला जेवण जात नाही.

अप्पा मात्र उठून चपला घालून निघून गेले होते. आत्याने पिशवी भरली आणि शेवटच्या गाडीची वाट न बघता ती कल्याणला गेली; पुढच्या वर्षीच्या संक्रांतीपर्यंत आली नाही.  दिवेलागण झाली. दादाने पहिल्यांदाच देवापुढे दिवा लावला. मला भीती वाटत होती की अप्पा परत येणारच नाहीत.

ते आले. तळ्यापर्यंत जाऊन आले असावेत. पायांना चिखल होता. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसलो होतो, पण त्यांना मी दिसलो नसावा. ते आईच्या बाजेजवळ खाली जमिनीवर बसले, आमच्यासारखे, मांडी घालून.  लूम बंद होते म्हणून मला सगळं ऐकू आलं, नाहीतर ते बोलणं मला कधी कळलंच नसतं.

"इतके महिने," ते म्हणाले, "तू एकटीने कसं काढलंस?"

आईने शेजारी झोपलेल्या बाळाचं पांघरूण सारखं केलं.

"एकटी कुठे होते," ती म्हणाली. "ही होती की."